ताट वेगळं नको, हातमोजे वेगळे मागा

पत्र : सिस्टर, नमस्कार. आम्ही कागल तालुक्यातले. माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे मामांचं, वय ६१. दोन वर्षांपासून कोल्हापुरात एका खासगी सेंटरला आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू आहे. गेल्या आठवड्यात सहामाही तपासणीत हिपॅटायटिस सी पॉझिटिव्ह निघाला. याआधीचे सगळे रिपोर्ट निगेटिव्ह होते. त्याच दिवशी त्यांना कोपऱ्यातल्या वेगळ्या मशीनवर हलवलं. कसं झालं म्हणून विचारलं, तर 'मध्ये रक्त चढवलं होतं ना, त्यातून आलं असेल' एवढंच उत्तर मिळालं. घरी सासूबाईंनी, म्हणजे आत्यांनी, मामांचं ताट, तांब्या वेगळा काढला. माझा चार वर्षांचा मुलगा त्यांच्या मांडीवर बसून जेवायचा, तेही बंद झालं. शेजारपाजारचे म्हणतात ही कावीळच, माळ घाला, उसाचा रस पाजा. मामा म्हणतात, आता ते डायलिसिसच नको, एकदाचं सुटू दे. मुलाला लागण होईल का? सेंटर बदलावं का? आणि जाब विचारायचा तर कुणाला?

उत्तर :

ताई, सगळ्यात आधी मामांच्या त्या बोलण्याविषयी. डायलिसिसच्या येत्या पाळीला मामा गेलेच पाहिजेत. हिपॅटायटिस सी यकृत पोखरतो तो वर्षानुवर्षं. लागण टिकून राहिलेल्यांपैकी काहींना वीसेक वर्षांनी सिरोसिस होतो, म्हणजे यकृत आक्रसून निकामी होऊ लागतं. डायलिसिस चुकवलं तर रक्तातलं पोटॅशियम आणि अंगात साठलेलं पाणी एवढी सवड देत नाही, काही दिवसांतच जिवावर बेततं. मामांना स्पष्ट सांगा की या आजाराला औषध आहे, साध्या गोळ्या आहेत, बहुतेकांना १२ आठवडे पुरतात आणि शंभरातले पंचाण्णवच्या आसपास लोक पूर्ण बरे होतात. डायलिसिसवर असलेलेही. 'सुटू दे' म्हणणारी पुष्कळ माणसं मी खाटेशेजारी उभी राहून ऐकली आहेत. त्यातल्या बहुतेकांना मरण नको असतं, घरावर भार नको असतो. मामा आधीच भाड्याचा, वेळेचा, तुमच्या खाड्यांचा हिशेब मनात करत असणार. त्यात ताट वेगळं झालं.

आता रिपोर्ट. सेंटरने केली ती बहुधा अँटीबॉडीची तपासणी. हा विषाणू कधीतरी शरीरात शिरला होता, एवढंच ती सांगते. तो आज रक्तात आहे का, हे आरएनए तपासणीतून कळतं, तिलाच लोक व्हायरल लोड म्हणतात. काही जणांचं शरीर पहिल्या सहा महिन्यांत विषाणूला आपणहून हुसकावतं, त्यांची अँटीबॉडी पॉझिटिव्ह आणि आरएनए निगेटिव्ह येते. उलटंही होतं. डायलिसिसच्या रुग्णाची प्रतिकारशक्ती मंद असते, त्यामुळे विषाणू रक्तात फिरत असतो आणि अँटीबॉडी दिसायला दोन-तीन महिने किंवा त्याहून जास्त लागतात. म्हणून आरएनए झाल्याशिवाय पुढचं काहीच ठरवू नका.

मामांचे डोळे पिवळे झाले नसणार, तसं तुम्ही लिहिलंही नाही. या लागणीत बहुतेकांना कावीळ दिसतच नाही. रक्ततपासणीतला एसजीपीटी, म्हणजे यकृताला सूज आली की वाढणारा आकडा, तेवढा वाढतो, आणि किडनीच्या रुग्णात तो मुळातच खालच्या अंगाला असतो, त्यामुळे वाढूनही कागदावर 'नॉर्मल'च्या आत राहतो आणि कुणाचं लक्ष जात नाही. एक काम आजच करा. मामांची फाईल काढा आणि गेल्या वर्षभरातले एसजीपीटीचे आकडे तारखेसह वहीत ओळीने लिहा. कायम १५-२० असणारा आकडा एखाद्या महिन्यात एकदम ४५ झालेला दिसला, तर लागण त्याच्या साधारण एक ते तीन महिने आधीची असण्याचा संभव मोठा. ही वही पुढे लागणार आहे.

औषधाचा खर्च ऐकून घाबरू नका. केंद्र सरकारने २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात तपासणीही मोफत आणि औषधंही मोफत. मामांचं आधार कार्ड, हा रिपोर्ट आणि डायलिसिसची फाईल घेऊन कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात जा आणि या कार्यक्रमाचं नाव घेऊन विचारा. किडनीच्या रुग्णाला औषध सुरू करण्याआधी कधी कधी मोठ्या केंद्राचा सल्ला घेतात किंवा तिकडे पाठवतात. तसं सांगितलं तर ती टोलवाटोलवी समजू नका. बहुधा सोफोसबुव्हिर आणि वेल्पाटास्विर यांची एकत्र गोळी मिळेल, रोज एक. 'डायलिसिसवाल्याला सोफोसबुव्हिर चालत नाही' असं कुणी सांगेल. एके काळी खरंच कचरत असत, कारण हे औषध किडनीवाटे बाहेर पडतं. २०१९ नंतर ते डायलिसिसच्या रुग्णांनाही डोस न बदलता दिलं जातं.

गोळी सुरू होण्याआधी मामा घेतात ती सगळी औषधं पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओता. चिठ्ठीवर विसंबू नका, पिशवीच न्या. डायलिसिसच्या पुष्कळ रुग्णांना सकाळी उपाशीपोटी पित्ताची गोळी, पँटोप्राझोल वगैरे, चालू असते. ती वेल्पाटास्विर अंगी लागू देत नाही. ती बंद करायची की वेळ बदलायची हे डॉक्टरच ठरवतील, पण तुम्ही दाखवलीत तरच. टीबीची रिफाम्पिसिन आणि फिटच्या काही गोळ्या या औषधासोबत चालतच नाहीत. हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडारोन चालू असेल तर ते पहिल्यांदा सांगा, दोन्ही एकत्र झाली तर नाडी धोकादायक मंद होऊ शकते. आणि हिपॅटायटिस बीची तपासणी औषधाआधी झालीच पाहिजे. शरीरात बी दबून बसलेला असेल, तर सी जाताना तो डोकं वर काढू शकतो.

माळ घालून काही बरं होणार नाही, काही बिघडणारही नाही, आत्यांच्या मनाला उभारी येत असेल तर घालू दे. उसाचा रस मात्र घोटभरही नको. गुऱ्हाळांच्या मुलखात राहून हे पाळणं अवघड आहे, मला कळतं. पण पाणी मोजून पिणाऱ्या, पोटॅशियम सांभाळणाऱ्या माणसाला रस आणि शहाळं हे विष आहे. काविळीवरचे झाडपाल्याचे काढे, पुड्या, नाकात सोडायचे थेंब, सगळ्यांना नाही म्हणा. त्यात काय घातलंय हे देणाराही सांगत नाही.

आता घर. हिपॅटायटिस सी रक्तातून रक्तात जातो. ताटातून, तांब्यातून, उष्ट्यातून, मिठीतून, खोकल्यातून, एका संडासातून जात नाही. तुमच्या मुलाला आजोबांच्या मांडीवर बसवा आणि त्यांच्याच ताटातला घास खाऊ दे. हे आत्यांना माझ्या नावाने वाचून दाखवा. मामांचं दाढीचं पातं, टूथब्रश, नखं काढायचं कटर फक्त त्यांचंच असावं. गावातल्या सलूनमध्ये दाढी करत असतील तर नवं पातं लावायला सांगा, ते तर कुणीही सांगावं. फिस्टुलाची, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला हातात ऑपरेशन करून तयार केलेल्या शिरेची, पट्टी घरी आल्यावर ओली झालेली असते, कधी एसटीत बसल्या-बसल्याच रक्त येतं. ती पट्टी आत्या उघड्या हाताने सोडवत असतील तर आजपासून हातमोजा घालू दे, आणि रक्ताचा कापूस दोन पिशव्यांत बांधून टाका. फरशीवर किंवा चादरीवर रक्त सांडलं तर आधी कागदाने टिपा, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं मिसळून दहा मिनिटं राहू द्या आणि पुसा. घरात यापलीकडे काही करायचं नाही. आत्यांची एकदा तपासणी करून घ्या, त्यांच्याच समाधानासाठी.

म्हणजे ताट वेगळं करून काहीच साधत नाही. वेगळं असायला हवं होतं ते दुसरीकडे, आणि तुमच्या शेवटच्या दोन प्रश्नांचं उत्तर तिथे आहे.

मी डायलिसिसच्या खोलीत नोकरीची बरीच वर्षं काढली. एक पाळी उतरते आणि दुसरी चढते, तो अर्धा-पाऊण तास नीट बघा. चार जणांच्या सुया एकदम काढायच्या असतात. दारात पुढच्या पाळीचे रुग्ण उभे, कुणाला शेवटची गाडी गाठायची आहे. टेक्निशियन एकाची सुई काढतो, कापूस दाबून धरतो. तेवढ्यात शेजारच्या मशीनचा अलार्म वाजतो. तो त्याच हातमोजाने जाऊन बटण दाबतो, पडद्यावर काहीतरी बदलतो, परत येतो. हातमोज्यावर दिसण्याइतकं रक्त नसतं. पण या विषाणूला दिसण्याइतकं लागतही नाही, आणि वाळलेल्या डागात तो कित्येक दिवस जिवंत राहू शकतो. नंतर त्या बटणाला दुसरा हात लागतो, आणि तो हात तिसऱ्या माणसाच्या सुईकडे जातो.

दुसरी जागा हेपारिनची बाटली. रक्त गोठू नये म्हणून प्रत्येकाला हेपारिन देतात, आणि एका बाटलीत अनेक जणांचे डोस असतात. ही बाटली ट्रॉलीवर खाटांमधून फिरली, किंवा एकदा वापरलेली सिरिंज पुन्हा तिच्यात बुडाली, तर पुढच्या प्रत्येकाला एकाच वेळी धोका होतो. डोस वेगळ्या स्वच्छ टेबलावर, रुग्णांपासून दूर, प्रत्येकासाठी नव्या सिरिंजमध्ये भरायचा आणि भरलेली सिरिंजच खाटेपाशी न्यायची, हा नियम आहे. औषधांची ट्रॉली खाटांमधून फिरवायचीच नाही.

मशीनच्या पोटात रक्त जात नाही. ते नळ्यांतून आणि डायलायझरमधून, म्हणजे रक्त गाळणाऱ्या नळकांड्यातून, फिरून परत येतं. म्हणून मशीनच्या आतल्या भागातून लागण होणं फार दुर्मीळ. दाब मोजणाऱ्या नळीच्या टोकाला एक छोटी पांढरी चकती असते, ती रक्ताने भिजली तर तिथल्या तिथे बदलून मागची बाजू तपासायची असते. आणि तुमच्या सेंटरला डायलायझर धुऊन परत वापरत असतील, तर सुरू करण्याआधी त्यावरचं नाव, तारीख आणि कितव्यांदा वापरतोय तो आकडा मामांनी स्वतः वाचायचा. दर वेळी वाचायचा, संकोच न करता.

मग मामांना कोपऱ्यातल्या मशीनवर का हलवलं? हिपॅटायटिस बीच्या रुग्णाला वेगळी खोली, वेगळं मशीन, वेगळे कर्मचारी लागतातच, त्यात तडजोड नाही. बीच्या रुग्णाच्या रक्तात विषाणूची संख्या प्रचंड असते आणि बाहेर पडल्यावर तो किमान सात दिवस टिकतो. १९६९-७० मध्ये एडिंबरोच्या डायलिसिस विभागात बीची साथ आली, तेव्हा रुग्ण दगावले तसे तिथे काम करणारेही दगावले. सीसाठी मात्र किडनीविषयक आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना वेगळं मशीन सक्तीचं करत नाहीत, त्यांचा सगळा भर हात, हातमोजे, औषधं आणि पुसणं यांवर आहे. आपल्याकडे पुष्कळ सेंटर सीसाठीही मशीन वेगळं ठेवतात. माणसं कमी आणि घाई जास्त असते तिथे मी त्याला चूक म्हणणार नाही. पण कोपऱ्यातल्या मशीनवरून निघालेला हात तसाच दुसऱ्याच्या खाटेवर जात असेल, तर त्या कोपऱ्याने फक्त मामांचा अपमान होतो, बचाव कुणाचाच होत नाही.

रक्त चढवल्यामुळे झालं असेल, असं ते म्हणतात. असूही शकतं. रक्तपेढीत प्रत्येक पिशवीची सीसाठी तपासणी करणं सक्तीचं आहे, तरी रक्तदात्याला अगदी नुकतीच लागण झाली असेल तर ती अँटीबॉडीच्या तपासणीतून निसटू शकते. पण हे तपासता येतं, हवेत सोडून द्यायची गोष्ट नाही. तुमच्या वहीत एसजीपीटीच्या आकड्यांशेजारी लिहा : गेल्या सहा-आठ महिन्यांत रक्त कधी चढवलं, कुठल्या पेढीतून, फिस्टुलाचं ऑपरेशन, दात काढणं, दुसऱ्या दवाखान्यातलं इंजेक्शन, मामा कुठल्या खाटेवर असायचे, एखाद्या दिवशी दुसरीकडे बसवलं होतं का. पिशवीचा नंबर रक्त चढवल्याच्या कागदावर असतो. लागणीच्या अंदाजे काळात रक्त चढवलंच नसेल, तर ते उत्तर तिथेच संपलं.

ही वही घेऊन नेफ्रॉलॉजिस्टची, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांची, वेळ मागा. पाळीच्या गडबडीत टेक्निशियनला गाठू नका, तो बिचारा चार खाटा सांभाळतोय आणि नियम त्याने केलेले नाहीत. डॉक्टरांना विचारा की त्याच सहा महिन्यांत आणखी कुणी नव्याने पॉझिटिव्ह झालं का. नावं मागू नका, ती कुणी देऊही नयेत. एक रुग्ण नव्याने पॉझिटिव्ह झाला की बाकी सगळ्यांचे रिपोर्ट पुन्हा बघायचे, गरजेप्रमाणे आरएनए करायची, हे सेंटरचं काम आहे. ते झालं का, हे विचारा. हेपारिन कुठे भरतात, दोन रुग्णांमध्ये खाट, मशीनचा दर्शनी भाग, बीपीचा पट्टा पुसायला वेळ मिळतो का, हेही विचारा. मामांचं डायलिसिस जनआरोग्य योजनेतून होत असेल तर तिथल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे रुग्णांच्या मदतीला नेमलेल्या योजनेच्या माणसाकडे, हेच लेखी द्या आणि पोच घ्या. भांडायला म्हणून जाऊ नका, पण गप्पही बसू नका. मामांना झालं ते औषधाने जाईल, पण ज्या वाटेने आलं ती वाट उघडी राहिली तर शेजारच्या खाटेवरचा माणूस पुढचा.

पुष्कळ जण गप्प बसतात, कारण भीती असते की सेंटर 'दुसरीकडे न्या' म्हणेल. ही भीती खोटी नाही. पॉझिटिव्ह रुग्णाला जागा नाही असं सांगणारी सेंटरं आहेत. म्हणून आजच्या आज सेंटर सोडू नका. दुसरीकडे पाळी पक्की झाल्याशिवाय इथली जागा हातची घालवायची नाही. आणि बदललंच तर रिपोर्ट लपवू नका. लपवला तर तिथल्या दुसऱ्या कुणाच्या तरी घरी हेच पत्र लिहिलं जाईल. उत्तरं समाधानकारक मिळाली, हातमोजे बदलताना दिसले, तर तिथेच राहा. नाही दिसले, तर शोधायला लागा, आणि नव्या ठिकाणी पैशांची, एसीची चौकशी करण्याआधी पाळी बदलतानाचा तो अर्धा तास बाहेर बसून बघा.

हिमोग्लोबिन कमी झालं की लगेच रक्ताची पिशवी, हेही टाळता येतं. रक्त वाढवणारं एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन आणि शिरेतून लोह नियमित मिळालं तर बहुतेकांना रक्त क्वचितच लागतं. पुढेमागे किडनी प्रत्यारोपणाचा विचार असेल, तर कमी वेळा रक्त चढवलेलं केव्हाही चांगलं. हिपॅटायटिस सीमुळे प्रत्यारोपणाचं दार बंद होत नाही, हेही मामांना सांगा.

बीची लस झाली का हे तुमच्या पत्रात नाही, म्हणून विचारते. सीवर लस नाही, बीवर आहे. डायलिसिसच्या रुग्णाला ती नेहमीच्या दुप्पट, म्हणजे ४० मायक्रोग्रॅम, द्यावी लागते, दंडात, आणि बहुधा ०, १, २ आणि ६ महिने अशा चार वेळा. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे लशीने रक्तात किती संरक्षण तयार झालं तो आकडा, तपासतात, तो किमान १० हवा आणि दरवर्षी बघायचा, उतरला तर बूस्टर. डोस घेतले पण टायटर कधी केलाच नाही, अशा फाईली मी फार पाहिल्या. मामांची उघडून बघा.

औषध संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए पुन्हा करतील. ती निगेटिव्ह आली की मामा बरे झाले. अँटीबॉडी मात्र बहुधा जन्मभर पॉझिटिव्ह दाखवेल, आणि प्रत्येक नव्या ठिकाणी ती बघून त्यांना पुन्हा कोपऱ्यात बसवू पाहतील. आरएनए निगेटिव्हच्या रिपोर्टची झेरॉक्स फाईलच्या पहिल्या पानावर लावून ठेवा. त्यानंतर दर सहा महिन्यांनी मामांची अँटीबॉडी नव्हे, आरएनएच करायला सांगा. एकदा बरा झालेला माणूस या विषाणूपासून सुरक्षित होत नाही, त्याच वाटेने तो दुसऱ्यांदाही येऊ शकतो.